नसलेल्या खिडकीतला उजेड

खरा वाटेल असा फोटो यंत्राकडून करून घ्यायचा असेल, तर त्यात मुद्दाम खोट मागावी लागते. देवासला नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला हे कळलं. 'ग्रामीण स्त्री, हसतमुख' एवढंच लिहिलं की मेणाची बाहुली येते. त्याऐवजी लिहायचं : वय बेचाळीस, उजव्या भुवईजवळ कांजिण्यांचा वण, ओठ कोरडे, कॅमेऱ्याकडे बघत नाही, कुणी हाक मारल्यासारखी मान अर्धी वळलेली, साडीच्या काठाचा एक धागा सुटलेला, सकाळचं ऊन डावीकडून, मागची भिंत थोडी अंधुक. मग जी बाई येते तिला बघून माणसं विचारतात, ही कुठली?

आमचं दुकान जाहिरातींचं. मॅरेज गार्डन, कोचिंग क्लास, नमकीनची पाकिटं, नव्या कॉलनीचे प्लॉट. फोटोग्राफर परवडत नाही असे सगळे आमच्याकडे येत. मालकाला सगळे भियाच म्हणत, मीही. यंत्राला द्यायचं वर्णन, म्हणजे प्रॉम्प्ट, मी लिहायची आणि तो खुर्ची फिरवून माझ्या पडद्याकडे बघत बसायचा. एकदा मी शेवपुरीच्या गाड्यावरच्या माणसाच्या नखात बेसन घातलं, तर तो म्हणाला, ''तू लिखती नहीं है, मुखबिरी करती है.'' मुखबिरी म्हणजे खबऱ्याचं काम. मला ते आवडलं होतं.

बारीकसारीक बघायची सवय मला पत्रकांनी लावली. धारला आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं मोजकीच, पण पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या खणात. बाबा शाळेत मास्तर. पणजोबा कधीकाळी संस्थानच्या दफ्तरात होते, त्यांचं अक्षर बाबांनी घेतलं आणि ते लावलं भलत्याच कामाला. नळाला पाणी नाही, रेशनचं दुकान महिनाभर बंद, मोहल्ल्यातल्या दवाखान्याला डॉक्टर नाही, की बाबांचं पत्रक तयार, एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला मराठी. कुठल्या पक्षाचं नाही, खाली स्वतःचं पूर्ण नाव. माझी शाळा हिंदी. मराठी वाचायला मी शिकले ती बिघडलेल्या पत्रकांवर. माझे आतेभाऊ अजून लग्नपत्रिकेतल्या मराठीला अडखळतात, आणि मी सहाव्या वर्षी 'निषेध' हा शब्द न चुकता लिहीत होते.

बाबांचे नियम दोनच. मसुदा वाचताना प्रत्येक वाक्यापुढे ते पेन्सिलनं विचारत, 'कुणी पाहिलं?' उत्तर नसेल तर वाक्य गेलं, मग ते कितीही जोरदार असो. आणि छापायच्या आधी, ज्या माणसाबद्दल पत्रक आहे त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्यासाठी ते सायकलवरून कुठं कुठं गेलेत. आमच्याच घरात राहणारी काकू वैतागून म्हणायची, ''भावोजी, लोक लग्नाचं आमंत्रण द्यायला येवढे हिंडत नाहीत.''

मागच्या वर्षी बाबांना त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो कन्नौदच्या पलीकडे एका खेड्यात मास्तर आहे. त्याच्या शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या बाईंवर संकट आलं होतं. बाबांचे गुडघे आता बस चढू देत नाहीत. त्यांनी मला फोन केला, ''तू जवळ आहेस. जाऊन बघ. बघ म्हणजे बघ, ऐकून परत येऊ नकोस.''

मी रविवारी गेले. कन्नौदपर्यंत बस, पुढं टेम्पो. बाई चाळिशीच्या आसपासच्या, गावातल्या महिला समूहाच्या, म्हणजे बचत गटाच्या, अध्यक्ष. अकरा वर्षं त्या आणि आणखी दोघी शाळेचं जेवण करत होत्या. दोन महिने डाळीची पोती किडकी येत होती. त्यांनी दोनदा तोंडी सांगितलं. तिसऱ्या वेळी पोतं उचलून धान्य पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या गाडीत परत टाकलं. चार दिवसांत नोटीस आली : समूहानं भोजन बनवायला नकार दिला, पंधरा दिवसांत पुराव्यासह खुलासा करा, नाहीतर स्वयंपाकघर दुसऱ्या समूहाकडे जाईल.

पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक फोटो होता, त्यांच्या फोनमधला. तो बघताना मला हसू दाबावं लागलं. सगळा काळा. मधे एक करडा डाग, म्हणजे डाळ. त्यावर बारीक ठिपके, किडे असतील किंवा फोनच्या काचेवरची धूळ.

एक पोतं मात्र अजून शाळेच्या स्वयंपाकघरात होतं. मी त्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा मनगटावरून किडे वर चढत होते आणि बोटांत जाळी धरलेले डाळीचे गोळे. मी वहीत सगळं टिपलं : पोत्यावरचा शिक्का, वास, गोळ्यांचा आकार, किती किडे. फोटो काढला नाही. बसमध्येच माझा फोन बंद पडला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याची गरजही वाटली नाही. माझ्याकडे वही होती.

तिथंच ओट्यावर बसून मी खुलाशाचा आणि पत्रकाचा मजकूर हिंदीत लिहिला, मोठ्यानं वाचला. बाई मान हलवत ऐकत होत्या. 'बच्चे भूखे रहे' या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं. पोरं उपाशी राहिली नव्हती. त्यांनी आणि त्या दोघींनी घरून आटा आणि बटाटे आणून जेवू घातलं होतं. माझं वाक्य जोरदार होतं. ते गेलं. खुलाशावर त्यांनी सही केली, एकेक अक्षर दाबून, आणि तो माझ्याजवळ दिला. टाइप केलेली प्रत जोडून मी तो कचेरीत द्यायचा, असं ठरलं.

देवासला येऊन मी पत्रकाची मांडणी करायला घेतली. त्यांचा फोटो छापून बघितला. भिया कागद उलटासुलटा करत म्हणाला, ''ये क्या है, कोयले की खदान? बहन, इसको कौन देखेगा. तू खुद बना ले ना, तेरे को क्या, दस मिनट का काम है.''

मी त्याला बरंच सुनावलं. हे नमकीनचं पाकीट नाही, एका बाईचं स्वयंपाकघर आहे, असं काहीतरी. तो जेवायला निघून गेला.

मग मी एकटी त्या काळ्या चौकोनाकडे बघत बसले. बाबांचा प्रश्न मनात आला आणि या वेळी तो माझ्या बाजूनं बोलू लागला. कुणी पाहिलं? मी पाहिलं. माझ्या हातावरून किडे चढलेत. यात खोटं काय आहे? फोन चालू असता तर हाच फोटो मी काढला असता. आता मी तो फक्त उशिरा काढते आहे.

मी प्रॉम्प्ट लिहिला. आजवर इतक्या मन लावून मी दुसरा लिहिला नाही. खेड्यातली स्वयंपाक करणारी बाई, बेचाळीस वर्षांची, डोक्यावरून पदर, उकिडवी बसलेली, समोर पितळी परात, परातीत तूरडाळ, डाळीत किडे स्पष्ट दिसणारे, तीन किडे काठावर चढलेले, एक बाईच्या अंगठ्यावर. हात किंचित थरथरणारे, चेहरा दुःखी, थकलेला. धुरानं काळी भिंत. डावीकडच्या छोट्या खिडकीतून सकाळचा तिरपा उजेड, उजेडात धुराचे कण. साध्या फोननं काढलेला वाटावा, चौकट थोडी वाकडी.

पहिले तीन बिघडले. चौथा आला आणि माझा हात माउसवरच राहिला. ती बाई होती. म्हणजे मला तसं वाटलं. मी तिला ओळखत होते, अगदी आतून, वर्षानुवर्षं पाहिल्यासारखी. किडे असे की मी नकळत माझं मनगट झटकलं. भिया जेवून आला, वाकून बघितलं आणि काही म्हणाला नाही. त्याचं गप्प बसणं ही तेव्हा मला दाद वाटली.

खुलाशाला मी तो फोटो जोडून कचेरीत दिला, सुनावणीची तारीख मिळाली. पत्रकावर वरच्या अर्ध्या भागात छापला, खाली बाईंचं नाव. सुनावणीच्या आदल्या दिवशी एक गठ्ठा कन्नौदच्या बसच्या कंडक्टरकडे दिला, गावात मास्तरकडे पोचवायला. मजकूर बाईंना वाचून दाखवला होता. चित्र कुणाला वाचून दाखवायचं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सुनावणीला मी, बाई आणि टेबलापलीकडे शाळांच्या जेवणाचं काम बघणारे अधिकारी. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी खुलासा आमच्यासमोर शेवटपर्यंत वाचला. मजकूर नीट आहे, म्हणाले, तारखा आहेत, पोत्याचा शिक्काही आहे. मला वाटलं, झालं. मग त्यांनी फोटो उचलला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला आणि बाईंना विचारलं,

''इस रसोई में खिड़की कब लगी?''

बाईंना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. दोनेक महिन्यांपूर्वी ते स्वतः त्या शाळेत गेले होते आणि त्यांनी शेरा लिहिला होता : स्वयंपाकघराला खिडकी नाही, धूर कोंडतो, खिडकी पाडून द्यावी. अजून कुणी पाडली नव्हती.

खिडकी नाही. अर्थात नाही. म्हणून तर बाईंचा फोटो काळा आला होता. मी त्या अंधारात उभी होते, डोळे चोळत होते, दारातल्या उजेडाकडे पाठ करून वही लिहीत होते. आणि दुकानात आल्यावर डावीकडून ऊन घातलं, कारण चांगला फोटो डावीकडून ऊन घातल्यानं होतो.

अधिकाऱ्यांनी फोटो बाईंसमोर सरकवला. तो त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. खिडकीकडे त्यांनी बघितलंच नाही. फोटोतल्या बाईच्या गळ्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

''यो गळो म्हारो नी है.''

फोटोतल्या बाईच्या गळ्यात काळी पोत होती. मधे सोन्याच्या दोन वाट्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. समोर बसलेल्या बाईंचा गळा मोकळा होता, कपाळ मोकळं. त्या विधवा होत्या, हे मला त्या खोलीत, त्या क्षणी कळलं; नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मी चार तास त्यांच्यासमोर बसले होते. पोत्यातले किडे मोजले होते.

प्रॉम्प्टमध्ये मी मंगळसूत्र लिहिलं होतं का? लिहिलं होतं. आठवतही नव्हतं इतक्या सहज लिहिलं होतं. आमच्या घरी कुळधर्माला, नवरात्राला चुलीपाशी सवाष्णच लागते. स्वयंपाक करणारी बाई म्हटलं की माझ्या हातून पोत, कुंकू, हिरवा चुडा आपोआप उतरतो. आणि वाट्या त्या भागातल्या सवाष्णीही घालत नाहीत, त्या आमच्याकडच्या. चौथ्या फोटोतली बाई मला ओळखीची का वाटली, ते आता लख्ख दिसत होतं. ती माझी काकू होती. धारच्या घरातल्या काकूला मी किडक्या डाळीसमोर बसवलं होतं आणि खाली या बाईंचं नाव छापलं होतं.

अधिकाऱ्यांनी आवाज चढवला नाही. फोटो कुणी बनवला, त्याचा खुलासा आठ दिवसांत द्या, म्हणाले. तोवर स्वयंपाकघर दुसऱ्या बायका चालवतील. बाहेर आल्यावर मला गठ्ठ्याची आठवण झाली. मास्तरला फोन लावला. तो उत्साहात म्हणाला, सगळी वाटून झाली, दीदी, एकही उरलं नाही.

तीन दिवसांनी मी गावात गेले. बाई अंगणात गोवऱ्या रचत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या मुलीनं मला हळूच सांगितलं, काय चाललं होतं ते. जेठानी, म्हणजे त्यांची मोठी जाऊ, हापशीवर सगळ्यांसमोर म्हणाली होती की फोटू खिंचवायला का होईना, सुहाग परत आला. कुणी विचारलं होतं, बांगड्या कुणी भरल्या. अकरा वर्षं गावातली पोरं जिच्या हातचं जेवली, तिला पाणी भरायला पहाटे जावं लागत होतं, हापशीवर कुणी नसताना.

मी माफी मागायला लागले. माझं हिंदी एकदम पत्रकासारखं झालं, मोठमोठे शब्द. बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, मशीनला तू काय बोलली होतीस? ते सांग.

प्रॉम्प्ट माझ्या फोनमध्ये होता. मी एकेक वाक्य हिंदीत करून वाचू लागले. त्या गोवऱ्या रचता रचता ऐकत होत्या. पितळी परात. ''ॲल्युमिनियम की है.'' उकिडवी बसलेली. नाही, त्या तेव्हा उभ्या होत्या, पोतं कंबरेवर होतं. खिडकी. ते मी घाईनं वाचून पुढं गेले. काळी पोत या शब्दांशी मी थांबले, तर म्हणाल्या, वाच. मी वाचलं. मग आलं : हात किंचित थरथरणारे, चेहरा दुःखी, थकलेला.

त्यांनी गोवरी खाली ठेवली.

''दुखी? म्हूं दुखी कद थी? म्हने तो असो गुस्सो आयो थो के बोरो फेंक दियो.''

हे मला खिडकीपेक्षा, मंगळसूत्रापेक्षा जास्त लागलं. ज्या एका गोष्टीसाठी मी त्या गावात गेले होते, ती हीच होती. कंबरेवरचं पोतं उचलून ठेकेदाराच्या गाडीत भिरकावणारी बाई. लहानपणापासून मी अशाच माणसांवरची पत्रकं दुमडली. आणि माझ्या हातात सगळे शब्द असताना मी तिला उकिडवं बसवलं, हात थरथरवले, डोळ्यांत बिचारेपण घातलं, कारण तसे फोटो लोक थांबून बघतात. हे मी दुकानात शिकले नव्हते. हे मी आधीपासूनच जाणत होते, आणि त्याचा मला पत्ता नव्हता.

त्या लांबलचक प्रॉम्प्टमधलं किड्यांचं वाक्य तेवढं त्यांनी ठेवलं.

आठव्या दिवशी आम्ही परत कचेरीत गेलो. मी लिहून नेलं होतं : फोटो मी यंत्राकडून बनवला, बाईंना माहीत नव्हतं, त्यांच्या सहीनंतर मी तो जोडला. अधिकाऱ्यांनी ते ठेवून घेतलं. मधल्या काळात ते न सांगता शाळेत जाऊन आले होते. पोती नवी होती, डाळ स्वच्छ होती. म्हणजे किडक्या डाळीची तक्रार सिद्ध होत नाही. मी माझ्या वहीचं नाव काढलं. ते शांतपणे म्हणाले, ''मैडम, अब आपकी कॉपी को मैं किस हिसाब से सच मानूँ?'' मी पिशवीतली वही बाहेर काढलीच नाही.

मात्र जेवण नाकारल्याचा ठपका त्यांनी काढला. पोरं जेवली होती, ते त्यांनी चौकशीत विचारून घेतलं होतं. स्वयंपाकघर परत बाईंच्या समूहाकडे येईल, पण एका चेतावणीपत्रावर, म्हणजे ताकिदीवर, सही करावी लागेल. तिथल्या कारकुनानं, बाबूनं, कागद पुढं केला. बाईंनी तो मला दिला. वाच.

मी वाचलं. समूहाच्या तक्रारीसोबत भ्रामक छायाचित्र प्रस्तुत केलं गेलं, याबद्दल समूहाला चेतावणी देण्यात येत आहे.

''भ्रामक माने?''

''झूठा.''

''किसने किया, वो नहीं लिखा?''

नव्हतं लिहिलं. केलं गेलं, एवढंच. बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि त्या बाकावर जाऊन बसल्या. बाबू म्हणाला, अम्मा, आज सही झाली नाही तर चूल कायमची दुसऱ्यांकडे, मग मला म्हणू नका. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. मी त्यांच्या कानाशी लागले, करून टाका सही, मी नंतर अर्ज देते, शब्द बदलून घेऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

अधिकारी जेवून परत आले तेव्हाही त्या तशाच बसल्या होत्या. त्यांना बघून बाबूनं तक्रारीच्या सुरात सगळं सांगितलं. अधिकारी दारातच थबकले. मग बाबूला म्हणाले, लिही मग, कुणी केलं ते.

बाबूनं कीबोर्ड ओढला आणि मला विचारलं, नाव? मी सांगितलं. वडिलांचं नाव? तेही सांगितलं. चाळीस वर्षं ते नाव पत्रकांच्या तळाशी छापलं गेलं आहे आणि त्याच्या वर कधी खोटं वाक्य आलं नाही. निवासी? धार. बाबू टाइप करत गेला. 'उक्त छायाचित्र' या शब्दांनंतर माझं पूर्ण नाव, पुत्री श्री, बाबांचं पूर्ण नाव, आणि पुढं, 'द्वारा समूह की जानकारी के बिना बनाया गया'.

मी नवा कागद बाईंना वाचून दाखवला. बाबांच्या नावाशी त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं, नीट ऐकलं आणि सही केली. एक प्रत दुमडून कंबरेच्या पिशवीत ठेवली.

बाहेर टेम्पो उभा होता. मी म्हणाले, मी या सगळ्याचं नवं पत्रक काढते, पुढच्या आठवडी हाटाच्या आत गावात वाटते. त्या टेम्पोत चढून बसल्या. पत्रक नंतर काढ, म्हणाल्या, आता बस. आधी जेठानीच्या दारात चल, तिथं तोंडानं सांग.

मी चढले. गावात उतरलो तेव्हा दिवे लागायचे होते. त्या पुढं, मी मागं. जेठानी ओसरीत लसूण सोलत होती. तिच्या शेजारी आणखी दोघी. बाई काही न बोलता बाजूला, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिघींनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले आणि म्हणाले, ''वो फोटू मैंने बनाया, इनको पता नहीं था.''